टर्बो इंजिनाचा कनेक्टिंग रॉड: आधी वही, मग पाना

आमचं गॅरेज यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस रस्त्याला लागून. समोर जिनिंग, मागे पऱ्हाटीची वावरं. दिवसभराचं काम म्हणजे बोलेरो, ट्रॅक्टर, नाहीतर थ्रेशरचं एखादं इंजिन. अंधार पडला की फोन सुरू होतात ते दुसऱ्याच कामाचे. "भाऊ, मोठा टर्बो बसवायचाय. रॉड एच-बीम घेऊ का आय-बीम?" रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड, आणि एच-बीम, आय-बीम हे त्याच्या दांड्याचे आकार. मी विचारतो, बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) किती ठेवणार, आरपीएम (मिनिटाचे फेरे) कुठपर्यंत नेणार, पूर्ण टॉर्क (पिळाचा जोर) किती आरपीएमला पाहिजे? तिकडून पोट्टं गप्प.

हे लिहितोय ते त्या गप्प बसणाऱ्यांसाठीच. इंजिन उघडलेलं तुम्ही पाहिलंय, पिस्टन-रिंग माहीत आहेत, पण टर्बोसाठी आतलं काम पहिल्यांदाच करताय, असं धरून चालतो. एक आधीच सांगतो: कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त ताकदीचं इंजिन केलेली गाडी रस्त्यावर आणली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याच्या अटी मधे येतात. आरटीओत विचारून घ्या, किंवा ती गाडी ट्रॅकपुरती ठेवा.

रॉड वाकतो कशाने, तुटतो कशाने

तुराटी उभी धरा आणि वरून दाबा. ती मधोमध वाकते. तीच दोन्ही हातांनी धरून ओढा. मधे काही होत नाही, सुटते ती हातातून. कनेक्टिंग रॉडचं दुखणं एवढंच आहे. वरून जाळाचं प्रेशर त्याला दाबतं आणि खालून क्रँक त्याला ओढतो. दाबाने दांडा वाकतो. ओढीने बहुतेक वेळा दांडा शाबूत राहतो आणि बिग एंडचे, म्हणजे क्रँककडच्या टोकाचे, बोल्ट सोडतात, म्हणजे आपल्या तुराटीतला हात.

आता आकडे घेऊ. स्विफ्ट, डिझायर, विस्टा या गाड्यांतलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. जळताना आतलं प्रेशर समजा १५० बारला गेलं, तर एका रॉडवर जवळजवळ ५.८ टन भार येतो. भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली एका बोटाएवढ्या दांड्यावर उभी केल्यासारखं. बूस्ट आणि डिझेल वाढवलं की हा आकडा वाढतो. आरपीएमचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

ओढीचं गणित वेगळं आहे. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) आणि रॉडचं वरचं टोक मिळून ६०० ग्रॅम आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८० मिलिमीटर धरा. ६,००० आरपीएमला पिस्टन वर जाऊन उलटा फिरतो तेव्हा रॉडला साधारण १.२५ टनाची ओढ बसते. ७,००० ला ती १.७ टन होते आणि ८,००० ला २.२ टन. आरपीएम दुप्पट केले तर ओढ चौपट. सगळ्यात वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी येतो, कारण तेव्हा पिस्टनवर वरून दाब देणारं काही नसतं. पूर्ण आरपीएमवर नेऊन एकदम पाय उचलणारे पोट्टे नेमकं हेच करतात. आवाज छान येतो, बोल्ट रडतात.

म्हणून "हा रॉड किती हॉर्सपॉवरचा?" हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. १५० हॉर्सपॉवर ७,००० आरपीएमला काढली तर टॉर्क सुमारे १५० न्यूटन मीटर लागतो. तीच १५० हॉर्सपॉवर ४,००० ला काढायची तर टॉर्क सुमारे २६५ लागतो. पॉवर सारखी, पण पहिल्या इंजिनात काळजी बोल्टची आणि दुसऱ्यात दांड्याची.

पहिली पायरी: वही

दुकानात जाण्याआधी एका पानावर लिहा. इंजिन कोणतं, बोअर-स्ट्रोक किती. बूस्ट जास्तीत जास्त किती बार आणि तो कोणत्या आरपीएमला पूर्ण येणार. लाल रेघ, म्हणजे आरपीएमची हद्द, कुठे ठेवणार. गाडी रोजची आहे की फक्त ट्रॅकची. पेट्रोल असेल तर हेही लिहा की मे महिन्यात गाडी चालणार आहे का. हसू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टर्बोतून निघालेली हवा आणखी तापलेली असते, आणि पेट्रोल इंजिन तेव्हा नॉक करायला लागतं. नॉक म्हणजे आतलं पेट्रोल आपोआप भडकणं, म्हणजेच रॉडवर आणि बिग एंड बेअरिंगवर घणाचे घाव. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) लहान आणि ट्यूनिंग डिसेंबरच्या थंडीत केलेलं असेल, तर महागातला रॉडही फार दिवस सोबत करणार नाही.

या पानावरचे दोन आकडे महत्त्वाचे आहेत: पूर्ण बूस्ट किती आरपीएमला येतो आणि लाल रेघ कुठे आहे. पहिला आकडा लहान असेल, म्हणजे १,६००-१,८०० ला पूर्ण बूस्ट, तर दांडा जाड पाहिजे. दुसरा मोठा असेल तर बोल्ट चांगले आणि पिस्टन हलके पाहिजेत. दोन्ही असेल तर खिसाही तसाच पाहिजे.

दुसरी पायरी: जुने रॉड खरंच कमी पडताहेत का

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका १.३ डिझेलला मी टर्बो बदलून नवा मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं ट्यूनिंग) टाकला. रॉड कंपनीचेच ठेवले. मॅप असा होता की १,७०० च्या आसपासच सगळा टॉर्क एकदम यायचा, आणि चालवताना मजा त्याचीच होती. मालकाचा मुलगा पाचव्या गिअरला गाडी रेंगाळवायचा आणि तिथूनच पाय दाबायचा. दोन महिन्यांनी गाडी आली. सकाळी सुरू करताना धूर, थोडी थरथर. कॉम्प्रेशन तपासलं तर तीन नंबरचं कमी. मला वाटलं रिंग गेली.

हेड काढलं. ब्लॉकवर डायल गेज लावला, क्रँक हाताने फिरवत एकेक पिस्टन अगदी वर आणला आणि ब्लॉकच्या पृष्ठभागापासून तो किती वर येतो ते मोजलं. तीन पिस्टन केसभराच्या फरकात सारखे. तीन नंबरचा मात्र ०.४ मिलिमीटर खाली. रॉड वाकला होता. बाहेर काढून काचेवर ठेवला तेव्हा डोळ्यालाही कळत नव्हतं. मुलाचे वडील बाजूला उभे होते, जुने कास्तकार. म्हणाले, "मास्तर, पोट्ट्यानं पैसे इंजिनात टाकले का हिरीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सेट मी माझ्या पैशाने बदलला.

चुका दोन होत्या: मॅपने टॉर्क फार खाली आणला, आणि जुन्या रॉडची हद्द कुठे संपते ते मी पाहिलं नाही. टॉर्क थोडा वर, २,३०० नंतर येऊ दिला असता तर कदाचित तेच रॉड टिकले असते. म्हणून नवीन माणसाला मी आधी मॅप बघायला सांगतो, रॉडचा कॅटलॉग नंतर.

पावसाळ्यात रॉड वाकायचं आणखी एक कारण येतं. नाल्याला पूर असताना गाडी घातली आणि एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं, तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. अशी गाडी जुनी विकत घेतली असेल तर डायलने चारही पिस्टन मोजल्याशिवाय तिच्यावर टर्बोचा खर्च करू नका.

तिसरी पायरी: मापं

रॉड म्हणजे नुसती लांबी नाही. मागवण्याआधी ही मापं हातात पाहिजेत: दोन्ही भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, बिग एंडचं बेअरिंग न घालता माप, बिग एंडची रुंदी, गजन पिनचा व्यास, स्मॉल एंडची (वरच्या टोकाची) रुंदी, आणि क्रँकच्या जर्नलला (रॉड जिथे बसतो त्या गोल भागाला) आधी ग्राइंडिंग झालेलं आहे का. शेवटचं लोक विसरतात. जर्नल अंडरसाइज (घासून लहान झालेला) असेल तर बेअरिंगही तसंच लागतं, आणि ते नव्या रॉडला मिळतं का ते आधी बघायचं.

लांबी बदलायची असेल तर हिशोब सरळ आहे. अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिस्टनची पिनपासून डोक्यापर्यंतची उंची यांची बेरीज ब्लॉकच्या उंचीशी जुळली पाहिजे. समजा ब्लॉक २१०, स्ट्रोक ८२. मग ४१ अधिक १३० चा रॉड अधिक ३९ चा पिस्टन, बरोबर २१०. रॉड १३२ घेतला तर पिस्टन ३७ चाच लागणार. पहिल्याच बांधणीत हे उपद्व्याप करू नका. मूळ लांबीचाच रॉड घ्या.

जाड रॉड घेतला तर तो आत कुठे लागत तर नाही ना, हेही बघावं लागतं. एच-बीम रॉडच्या बोल्टांची डोकी कधी ब्लॉकच्या खालच्या कडेला घासतात, कधी पिस्टनला तेल मारणाऱ्या नोझलला. बेअरिंग आणि एक पिस्टन-रॉड तात्पुरता बसवून क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवा. कुठेही अडलं तर थांबा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा.

चौथी पायरी: आकार आणि धातू

आता तो फोनवरचा प्रश्न. आय-बीममध्ये खाच दांड्याच्या समोरच्या आणि मागच्या तोंडावर असते, जाडी दोन्ही कडांना. एच-बीममध्ये खाच कडांना असते आणि समोर-मागे दोन सपाट पट्ट्या. कॅरिलोसारख्या कंपन्यांच्या नावांमुळे एच-बीम प्रसिद्ध झाला, आणि मशीनवर तो काढायलाही सोपा. पण कोणता आकार मजबूत, याचं उत्तर आकारात नसतं. त्यात धातू किती आहे, कुठे आहे आणि कसा फोर्ज केलाय (दाबून घडवलाय), त्यावर ते ठरतं. माझा ढोबळ नियम असा: खालच्या आरपीएमला जबर टॉर्क काढणाऱ्या डिझेलला भरीव आय-बीम, आणि ७,००० पर्यंत जाणाऱ्या पेट्रोल टर्बोला चांगल्या कारखान्याचा एच-बीम. दोन्हींत चूक फारशी होत नाही.

धातूत ४३४० हे नाव सगळीकडे ऐकाल. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेलं ते पोलाद. आपल्या बाजारातलं ईएन २४ त्याच्या जवळचं. पहिल्या टर्बो इंजिनाला हे पुरे. त्यावरचं ३०० एम फार मोठ्या बूस्टसाठी. टायटॅनियम हलकं, पण किंमत ऐकूनच खाली बसाल. ॲल्युमिनियमचे रॉड ड्रॅग रेसवाले वापरतात आणि ठरावीक धावांनंतर बदलतात. रोजच्या गाडीत त्यांचं काम नाही.

स्वस्तातल्या मालाबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. राजकोटकडे इंजिनाचे सुटे भाग बनवणारे खूप आहेत आणि त्यातले काही फार चांगलं काम करतात. फक्त मागा: धातूचं प्रमाणपत्र, कडकपणाचा आकडा, आणि चुंबकीय पद्धतीने भेग तपासल्याची नोंद. "साहेब, आपला माल चालतो" एवढंच उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा.

कंपनीच्या काही आधुनिक रॉडांची कॅप (बिग एंडचा खालचा अर्धा भाग) कापलेली नसते, मुद्दाम फोडलेली असते. त्या तुटलेल्या पृष्ठभागाचे दाणे एकमेकांत बसतात, म्हणून एका रॉडची कॅप दुसऱ्याला कधीच लावायची नाही. आणि तिथे कानस? देवा. आपल्याकडे जुनी खोड आहे, बेअरिंग ढिलं वाटलं की कॅप घासून घट्ट करायची. एका लेथवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत असं केलं आणि वर म्हणाला, "आम्ही तीस वर्षांपासून असंच करतो." ढिलं होतं ते गोल तरी होतं. घासल्यावर ते लांबट झालं.

पाचवी पायरी: बोल्ट

माझे निम्मे पैसे मी इथे टाकीन. रॉड नवा आणि बोल्ट साधे, हा सौदा उलटा आहे.

एआरपी कंपनीचे ८७४० आणि एआरपी २००० हे बोल्ट तुम्हाला सेटसोबत दिसतील. एआरपी २००० जास्त ताकदीचा आहे आणि टर्बोला मी तोच मागतो. त्यावर एल १९ म्हणून आणखी कडक प्रकार येतो, पण त्याला ओल आणि घाम चालत नाही. उघड्या घामट हाताने धरला तरी आत भेग धरू शकतो. आपल्या पावसाळ्यात नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. नकली पुडेही बाजारात फिरतात. पुडीवरचा भाग क्रमांक, सोबतचं कार्ड आणि विक्रेत्याचं बिल तिन्ही जुळलं तरच घ्या.

बोल्ट घट्ट होतो तो ताणला जाऊन. टॉर्क पाना फक्त अंदाज देतो, कारण बराचसा जोर आट्यांच्या घर्षणातच जातो. आट्यांना साधं तेल लावलं की बोल्टसोबत आलेलं ग्रीस लावलं, यावर त्याच आकड्याला ताण बदलतो. म्हणून चांगले लोक बोल्टची लांबी कसण्याआधी आणि कसल्यावर स्ट्रेच गेजने मोजतात. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, आणि नेमका आकडा कार्डावर असतो. बारा महिने पुरेल असा एक गेज चार गॅरेजवाल्यांनी मिळून घेतला तरी परवडतो.

जुन्याच रॉडला नवे बोल्ट घालणार असाल तर बोल्ट कसून बिग एंडचं भोक पुन्हा मोजायला आणि गरज पडली तर होन करायला (आतून घासून गोल करायला) द्या. बोल्ट बदलला की कॅप वेगळी बसते आणि भोकाची गोलाई जाते. डबा आला, बोल्ट बदलले, गाडी चालू, असं होत नाही. आणि कंपनीचे कोन मोजून कसायचे बोल्ट असतील तर ते एकदाच वापरायचे. काढले की कचऱ्यात.

सहावी पायरी: आलेला माल मोजणं

डब्यावर "मॅच्ड सेट" लिहिलेलं असतं. तरी मोजा. चारही रॉडच्या एकूण वजनातला आपसातला फरक एका ग्रॅमच्या आत असावा, आणि बिग एंडचं व स्मॉल एंडचं वजन वेगवेगळं मोजलं तरी तसाच. किराण्याचा काटा पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो, तो कामाचा नाही. मी रॉड घेऊन बाजारातल्या सराफाकडे जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सोन्याच्या काट्यावर लोखंड पाहून गिऱ्हाईक हसलं. सराफ मात्र रंगात आला आणि चारही रॉड दोनदा मोजले. एका सेटमध्ये एक रॉड चार ग्रॅम जड निघाला. तो परत गेला.

बेअरिंगची फट मोजणं हे खरं नाजूक काम. ढोबळ नियम असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट. ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ मिलिमीटर. टर्बोसाठी बरेच जण किंचित जास्त ठेवतात. मायक्रोमीटरने जर्नल, बोअर गेजने बेअरिंगसकट कसलेलं बिग एंड, आणि वजाबाकी.

इथे विदर्भातला उन्हाळा आपल्याला फसवतो. लेथवाल्याकडून क्रँक दुपारी आला, टेम्पोत उन्हात तापलेला. रॉड मात्र आत कूलरपाशी पडलेला. पोलाद एका अंशाला एका मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरचा जर्नल २५ अंशांनी जास्त गरम असेल तर तो जवळजवळ १५ मायक्रॉन मोठा दिसतो. ५० मायक्रॉनच्या फटीत १५ ची चूक म्हणजे तिसरा हिस्साच गेला. तुम्ही म्हणाल फट कमी आहे, होन करा, आणि थंड झाल्यावर ती ढिली निघेल. म्हणून क्रँक, रॉड, बेअरिंग आणि मापाची हत्यारं रात्रभर एकाच खोलीत ठेवायची आणि सकाळी सहाला मोजायची. लाइन त्याच वेळी असते, हा वेगळा फायदा.

नव्या रॉडवर बहुतेक वेळा कोटिंग नसतं. जुलैत डबा उघडा ठेवला तर आठ दिवसांत तांबूस डाग धरतात, आणि गंजाचा डाग म्हणजे पुढच्या भेगेची सुरुवात. तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

शेवटची पायरी: बसवणं

इथे फार सांगत नाही, कारण मॅन्युअल तुमच्याकडे आहे. फक्त चार गोष्टी. रॉड आणि कॅपवर नंबर असतो, तो एकाच बाजूला आला पाहिजे. बिग एंडच्या ज्या बाजूला जास्त चॅम्फर (तिरकस कापलेली कड) आहे ती जर्नलच्या गोलाईकडे. बसवताना बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे घाला, म्हणजे जर्नलला ओरखडा पडत नाही. आणि वारा सुटला असेल त्या दिवशी इंजिन बांधू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ डोळ्याला दिसत नाही, पण बेअरिंगवर तिची रेघ उमटते.

सुरू केल्यावर आधी तेलाचं प्रेशर बघा. पहिले ५०० किलोमीटर बूस्ट अर्धा ठेवा. मग तेल काढा, फिल्टर करवतीने कापा आणि आतला कागद पसरून उन्हात धरा. राखाडी काजळी असली तर बरं. तांबूस किंवा चांदीसारखी चमक दिसली, तर ऑइल चेंबर तिथेच उघडा. घरी नेऊन उद्या बघू म्हणू नका.